०.०५७७ च्या जागी ०.०२०७ का येतं? हायपोथेसिस टेस्टमधल्या नेहमीच्या घोळावर उतारा

तक्रार एकच असते, पाठवणारं मूल तेवढं बदलतं. "मॅडम, सगळं बरोबर केलंय, तरी मागच्या उत्तराशी जुळत नाहीये." सोबत वहीच्या पानाचा फोटो, अर्ध्या पानावर स्वतःच्याच हाताची सावली. मी पुण्यात बसून इंग्लंडमधल्या ए-लेव्हलच्या (आपल्या अकरावी-बारावीसारख्या) मुलांना संख्याशास्त्र शिकवते. त्यांची संध्याकाळ म्हणजे माझी रात्र. त्या वेळी सावलीतलं अक्षर लावत बसायचं त्राण डोळ्यांत नसतं. म्हणून एक सवय लागली: पान राहू दे, आधी आकडा सांग. बहुतेक वेळा चुकलेला आकडाच सांगून टाकतो की पाय कुठे घसरला.

इंग्लंडमध्ये २०१७ च्या नव्या अभ्यासक्रमापासून गणिताच्या ए-लेव्हलला संख्याशास्त्र टाळता येत नाही, त्यामुळे ज्याला फक्त कॅल्क्युलस आवडतं तोही हायपोथेसिस टेस्टच्या, म्हणजे आकड्यांवरून एखादा संशय तपासण्याच्या, तावडीत सापडतो. आपल्याकडे राज्य मंडळाच्या बारावीला द्विपद (बायनोमियल) वितरण येतं, पण गाडी या टेस्टपर्यंत पोचत नाही. सीबीएसईच्या अप्लाइड मॅथेमॅटिक्सला मात्र टी-टेस्टपर्यंत (हाही हायपोथेसिस टेस्टचाच एक प्रकार) जावं लागतं. घोळ सगळीकडे सारखेच.

हा प्रश्न घे. एक नाणं छाप्याच्या बाजूने झुकलेलं आहे असा संशय आहे. २० वेळा उडवलं, १४ वेळा छापा पडला. ५ टक्के सिग्निफिकन्स लेव्हलवर तपास, म्हणजे सरळ नाण्याला चुकून दोषी ठरवायचा धोका ५ टक्क्यांच्या आत ठेवून.

एच-शून्य (आधी खरं धरायचं ते: नाणं सरळ आहे; पी म्हणजे छाप्याची संभाव्यता): पी = ०.५. एच-एक: पी > ०.५. (एच-एक म्हणजे आपला संशय.) एक्स म्हणजे २० पैकी छापे किती. एच-शून्य खरं धरलं तर एक्सचं वितरण बायनोमियल, एन (किती वेळा उडवलं) = २०, पी = ०.५. आपल्याला हवी पी(एक्स ≥ १४), म्हणजे १४ किंवा जास्त छापे पडायची संभाव्यता; हीच पी-व्हॅल्यू. उत्तर ०.०५७७. हे ०.०५ पेक्षा मोठं आहे, म्हणून एच-शून्य फेटाळता येत नाही. आता तुझा आकडा काय आलाय बघ.

०.०२०७ आलं असेल तर

तू १ वजा पी(एक्स ≤ १४) केलंस. हवं होतं १ वजा पी(एक्स ≤ १३).

आकड्यातला फरक छोटा वाटतो, पण ०.०२०७ हे ०.०५ पेक्षा कमी आहे. म्हणजे तुझ्या वहीत नाणं दोषी ठरलं आणि उत्तरपत्रिकेत सुटलं. निष्कर्षाचे गुणही गेले.

कॅल्क्युलेटरचा यात दोष एवढाच की तो एकच भाषा बोलतो. कॅसिओच्या ९९१-ईएक्सवरचं बायनोमियल सीडी, टीआय-८४ वरचं बायनोमसीडीएफ, एक्सेलमधलं बायनॉम-डिस्ट (शेवटी 'ट्रू' टाकून), सगळी "इथपर्यंतची बेरीज" देतात, दिलेला आकडा धरून. "इथून पुढची" हवी असेल तर वजाबाकी तुझी तू करायची. (कॅसिओचा ग्राफवाला सीजी-५० असेल तर तो खालची आणि वरची अशा दोन्ही मर्यादा विचारतो. तिथे १४ आणि २० टाक, वजाबाकीची भानगडच नाही.)

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी हट्टाला पेटली होती, "प्रश्नात १४ आहे, मग १३ आणायचे कुठून?" तिला कागदावर ० ते २० आकडे एका ओळीत लिहायला लावले. म्हटलं, तुला हवेत त्यांना गोल कर. तिने १४ पासून २० पर्यंत गोल केले. म्हटलं, आता नको असलेल्यांवर काट मार. शून्यापासून काट मारत निघाली आणि तेरावर येऊन थांबली. पेन तसंच तेरावर टेकलेलं. मग पलीकडून फक्त "ओह" आलं. ती ओळ ती अजून प्रत्येक गणिताच्या समासात काढते, आणि मी तिला सोड म्हणत नाही.

या चुकीचं एक भाषिक भावंडही आहे. 'अ‍ॅट लीस्ट' ऐकलं की मुलांच्या कानात 'लेस' वाजतं आणि चिन्ह ≤ पडतं. मराठीत तर आणखी मजा: "कमीत कमी १४" यात 'कमी' दोनदा येतं आणि चिन्ह मात्र ≥. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना मी "१४ पासून पुढे" असं म्हणायला सांगते. "१४ च्या वर" म्हणू नका, त्यात १४ धरायचे की नाही यावर आपल्याकडे भांडणं होऊ शकतात.

०.०३७० आलं असेल तर

सीडीच्या जागी पीडी दाबलंस, म्हणजे नेमके १४ छापे पडण्याची संभाव्यता काढलीस. कधी हे नुसतं चुकीचं बटण असतं. पण बरीच मुलं जाणूनबुजून करतात आणि वर युक्तिवाद असतो: "१४ पडलेत ना? मग १४ चीच संभाव्यता काढायची. १५ पडलेच नाहीत, ते कशाला मोजायचे?"

प्रश्न रास्त आहे आणि "पद्धत आहे तशी" हे त्याचं उत्तर नव्हे. हे करून बघ: नाणं १००० वेळा उडवलं आणि बरोबर ५०० छापे पडले. याहून निर्दोष नाणं जगात सापडायचं नाही. आता नेमके ५०० पडण्याची संभाव्यता काढ. ०.०२५२ येते. ०.०५ पेक्षा कमी! तुझ्या पद्धतीने हे नाणंही खोटं ठरलं. शक्यता खूप असल्या की कुठल्याही एका नेमक्या शक्यतेच्या वाट्याला चिमूटभरच येतं, त्यावरून कुणाला दोषी ठरवता येत नाही. विचारायचं ते हे: नाणं सरळ असताना इतकं किंवा याहून जास्त विचित्र काही घडायची शक्यता किती? म्हणून अख्खी शेपूट, म्हणजे १४ पासून २० पर्यंत सगळं, मोजायची.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरचा चहाचा किस्सा इथे कामाला येतो, आणि माझे विद्यार्थी इंग्लंडमधलेच असल्याने त्यांना तो जवळचा वाटतो. हर्टफर्डशरमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात म्युरिअल ब्रिस्टल या बाईंचं म्हणणं होतं की कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे त्यांना चवीवरून कळतं. (आपल्याकडे सगळं एकाच पातेल्यात उकळतं, त्यामुळे हा वाद उद्भवतच नाही.) पुढे १९३५ मध्ये फिशरने या चाचणीचं गणित मांडलं. आठ कप, चार असे, चार तसे. आठातून चार निवडायचे मार्ग ७०, म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे ओळखण्याची संभाव्यता १/७०, साधारण ०.०१४. समज चारपैकी तीनच ओळखले. तसे मार्ग १६. पण पी-व्हॅल्यू १६/७० नाही. चारही ओळखण्याचा एक मार्ग त्याहून सरस आहे, तो मिळवून १७/७०, म्हणजे ०.२४३. न घडलेला पण वरचढ निकाल बेरजेत घ्यायचा, तो असा.

०.०३६८ आलं असेल तर

हा आकडा ०.०३७० च्या इतका जवळ आहे की मुलांना वाटतं राउंडिंगचा फरक असेल. तसं नाही, निव्वळ योगायोग आहे. तू बायनोमियलच्या जागी नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचं वितरण, वापरलंस (मध्य १०, प्रमाण विचलन √५ म्हणजे २.२३६) आणि कंटिन्युइटी करेक्शन विसरलास. १४ ऐवजी १३.५ घे, ०.०५८८ येईल, म्हणजे खऱ्या ०.०५७७ च्या शेजारी. १३.५ का? स्तंभालेख काढ. १४ चा स्तंभ १३.५ ला सुरू होतो आणि १४.५ ला संपतो. १४ वर सुरी चालवलीस तर स्तंभ मधोमध कापला गेला, अर्धा बाहेर राहिला. एन वीस असताना कॅल्क्युलेटर हातात असून नॉर्मलकडे जायचं कारण नाही, पण प्रश्नात तसं सांगितलं असेल तर निरुपाय.

आकडा जुळला, निष्कर्ष उलटा

इथे दोन-टोकी टेस्टचा घोळ असतो. समज २० पैकी १५ छापे पडले आणि प्रश्न "नाणं झुकलेलं आहे का" एवढाच आहे, कुठल्या बाजूला ते सांगितलेलं नाही. एच-एक: पी ≠ ०.५. पी(एक्स ≥ १५) = ०.०२०७. आता दोन रस्ते. एक तर ५ टक्के दोन टोकांत अर्धे-अर्धे वाट आणि ०.०२०७ ची तुलना ०.०२५ शी कर. नाहीतर ०.०२०७ ची दुप्पट कर, ०.०४१४, आणि तुलना ०.०५ शी कर. दोन्हीकडून एच-शून्य फेटाळलं जातं. मुलं काय करतात? दुप्पटही करतात आणि ०.०५ चं अर्धंही करतात. ०.०४१४ हे ०.०२५ पेक्षा मोठं, म्हणून "फेटाळता येत नाही". एकाच बिलाचे पैसे दोनदा भरल्यासारखं. कुठलाही एक रस्ता धर आणि वर्षभर तोच ठेव. मी स्वतः अर्धं करायला सांगते, कारण क्रिटिकल रीजन (ज्या निकालांवर एच-शून्य फेटाळायचं त्यांचा पट्टा) काढताना तसंही अर्धंच करावं लागतं.

क्रिटिकल रीजन एकाने सरकलं असेल तर

आपल्या पहिल्या प्रश्नात "क्रिटिकल रीजन काढा" असं विचारलं की ढीगभर वह्यांमध्ये एक्स ≥ १४ सापडतं. हे येतं कुठून तेही मला पाठ झालंय. विद्यार्थी तक्त्यात खाली उतरत जातो: १३ ला ०.९४२३, अजून ०.९५ नाही, १४ ला ०.९७९३, झालं, ०.९५ ओलांडलं! आणि १४ लिहून टाकतो. पण ०.९७९३ ही १४ पर्यंतची बेरीज आहे. ५ टक्क्यांच्या आत बसणारी उरलेली शेपूट १५ पासून सुरू होते. उत्तर एक्स ≥ १५, आणि प्रत्यक्ष सिग्निफिकन्स लेव्हल २.०७ टक्के. खालच्या शेपटीत हा सरकवासरकवीचा प्रकार नाही: ५ ला ०.०२०७, ६ ला ०.०५७७, म्हणून एक्स ≤ ५, संपलं.

पडताळा साधा आहे. जे रीजन लिहिलंस त्याची संभाव्यता उलट मोजून बघ. एक्स ≥ १४ ची ०.०५७७ येते, ती ५ टक्क्यांत मावत नाही, म्हणजे चुकलं. प्रश्नात "५ टक्क्यांच्या शक्य तितकं जवळ" असं लिहिलं असेल तर मात्र ओलांडलेलं चालतं. तो शब्द नजरेतून सुटू देऊ नकोस.

आणखी एक विचित्र वाक्य वह्यांत दिसतं: "१४ > ०.०५, म्हणून फेटाळत नाही." छाप्यांची संख्या आणि संभाव्यता यांची तुलना! हसू येतं, पण यात सगळा दोष मुलांचा नाही. पुस्तकं दोन वेगळ्या घराण्यांच्या पद्धती एकाच पानावर शिकवतात. पी-व्हॅल्यूची चाल फिशरची. आधी रीजन आखायचं आणि मग निकाल आत पडतो का बघायचं, ही येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांची. त्यांचा गाजलेला निबंध १९३३ चा. फिशर आणि नेमन यांचं आपसांत अजिबात पटत नसे. (त्याच दशकात आपले सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात या मंडळींच्या हाताखाली शिकत होते.) एवढं लक्षात ठेव: रीजन वापरलंस तर १४ ची तुलना १५ शी, पी-व्हॅल्यू वापरलीस तर ०.०५७७ ची तुलना ०.०५ शी. गिनतीची गिनतीशी, संभाव्यतेची संभाव्यतेशी.

नॉर्मलच्या प्रश्नात तीनचार वेगळीच उत्तरं येत असतील तर

पोह्यांच्या पाकिटावर ५०० ग्रॅम लिहिलंय. वजनांचं वितरण नॉर्मल, मध्य ५००, व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) ६४. गिऱ्हाइकाला वाटतं माप मारतायत. १६ पाकिटं तोलली, सरासरी ४९६ भरली. ५ टक्क्यांवर तपास.

बरोबर उत्तर ०.०२२८, एच-शून्य फेटाळायचं, माप कमी आहे याला पुरावा आहे. ०.३०८५ आलं असेल तर तू सिग्मा (म्हणजे प्रमाण विचलन) ८ तसाच ठेवलास, √१६ ने भागलं नाहीस. ०.१५८७ आलं असेल तर ६४ ला १६ ने भागून ४ आणलेस, इथवर शाब्बास, पण तो व्हेरियन्स आहे आणि कॅल्क्युलेटरला प्रमाण विचलन हवं असतं, म्हणजे २. ०.४०१३ असेल तर ६४ ला √१६ ने भागलंस. आणि ०.४७५१ असेल तर सरळ ६४ च सिग्माच्या जागी कोंबलेस. चारही चुकांत दुकानदार सुटला, हे बघण्यासारखं आहे: चुका सगळ्या सिग्मा फुगवणाऱ्या, आणि सिग्मा फुगला की चार ग्रॅमचा खड्डा त्यात दिसेनासा होतो.

मूळ अडचण अशी की पुस्तकात नॉर्मलच्या कंसात दुसऱ्या जागी व्हेरियन्स लिहितात आणि मशीन तिथे सिग्मा मागतं. यावर उपाय एकच, कॅल्क्युलेटरला हात लावायच्या आधी "सरासरीचा सिग्मा = ८ ÷ √१६ = २" ही ओळ शब्दांत लिहायची. भागायचं कशाला, असं विचारशील तर: एक पाकीट चार ग्रॅम हलकं निघणं ही रोजची गोष्ट आहे. सोळांची सरासरी चार ग्रॅमने हलकी निघायची तर सोळांनी मिळून कट करायला हवा. कुणी हलकं असलं की कुणी जड असतं आणि सरासरीत ते एकमेकांना सांभाळून घेतात, म्हणून सरासरी कमी हलते.

सगळं बरोबर, तरी शेवटचा गुण गेला

शेवटचं वाक्य वाच. "एच-शून्य सिद्ध झालं" किंवा "नाणं सरळ आहे" असं लिहिलं असेल तर गुण गेलाच. मुलांना ही शिक्षकांची किरकिर वाटते. मग मी त्यांना एक गणित देते: समज नाणं खरंच खोटं आहे, छाप्याची संभाव्यता ०.७. आपली टेस्ट तीच, २० वेळा उडवायचं आणि १५ किंवा अधिक छापे पडले तरच पकडायचं. हे नाणं पकडलं जायची संभाव्यता किती? ०.४१६४. म्हणजे इतकं उघड झुकलेलं नाणंही निम्म्याहून जास्त वेळा आपल्या हातावर तुरी देऊन जातं. मग नुसतं पकडलं गेलं नाही म्हणून त्याला सरळ कसं म्हणायचं?

लिहायचं ते असं: "०.०५७७ > ०.०५. एच-शून्य फेटाळण्याइतका पुरावा नाही. नाणं छाप्याच्या बाजूने झुकलेलं आहे असं म्हणायला ५ टक्के पातळीवर पुरेसा आधार मिळत नाही." दुसरं वाक्य नाण्याबद्दल हवंच, नुसत्या एच-शून्याबद्दल बोलून थांबलास तरी गुण जातो. आणि ०.०५७७ म्हणजे "नाणं सरळ असण्याची शक्यता ५.७७ टक्के" असं चुकूनही लिहू नकोस. नाणं सरळ आहे असं धरूनच तो आकडा काढलाय.

एच-एक निकाल बघून लिहिलं असेल तर

एच-एक मध्ये पी = ०.७ असं काही दिसलं, की ओळखायचं, १४ ला २० ने भागून ते आलंय. एच-शून्य आणि एच-एक दोन्ही प्रश्नातल्या संशयावरून लिहायची, नमुन्यावरून नाही. छापे १४ ऐवजी ३ पडले असते तरी दोन्ही ओळी अक्षरशः त्याच राहिल्या पाहिजेत.

हे सगळ्यात उशिरा कळतं, आणि ते कळायला क्रिकेट उपयोगी पडलं. मार्च २०२५ मध्ये दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची अंतिम लढत झाली, तेव्हा भारताने एकदिवसीय सामन्यांत सलग पंधरावी नाणेफेक गमावली होती. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून सुरू झालेली ती रांग होती. सामना मात्र आपण जिंकला. दुसऱ्या दिवशी लेस्टरचा एक मुलगा क्लासला हजर, वहीत टेस्ट तयार. एच-शून्य: पी = ०.५, एच-एक: पी < ०.५, एन = १५, एक्स = ०, उत्तर १/३२७६८. "मॅडम, ०.००००३! फेटाळायचं ना?"

आकडेमोड निर्दोष होती. त्याला विचारलं, "मोजायला सुरुवात त्या अंतिम सामन्यापासूनच का केलीस?"

"तिथूनच हरायला लागलो ना."

"मग त्याच्या आदल्या सामन्यात नाणेफेक कोण जिंकलं होतं?"

तो गप्प. त्याच्या आदली भारताने हरली असती तर त्याने मोजणी आणखी एक मागे नेली असती. एन कुठे सुरू होणार हे निकालानेच ठरवलं होतं, आणि 'कमी' हे एच-एकसुद्धा. शिवाय इतके संघ, इतकी वर्षं, इतके कर्णधार, त्यातली नेमकी सगळ्यात लांब रांग उचलून आणलेली.

त्याला सांगितलं, आज तारीख टाकून एच-एक लिही, एन = २० लिही, क्रिटिकल रीजन लिही, आणि पुढच्या सामन्यापासून मोज. त्याने विचारलं, एक-टोकी की दोन-टोकी? म्हटलं, ते तूच ठरव, पण पुढची नाणेफेक व्हायच्या आत.